फडावरची संक्रांत

माझं लग्न 2019 च्या उन्हाळ्यात झालं आणि दसऱ्याच्या आधी मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आमच्या दोघांच्या नावावर ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतली. मांडव, जेवणावळ, आहेर, किराणा दुकानाची उधारी, सगळं त्या पैशात भागलं. लग्न आमचं झालं होतं, तेव्हा ते फेडायचंही आम्हीच, हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे एकट्या गड्याला अर्धा कोयता धरतात. बायको आली की कोयता पुरा होतो आणि उचलही पुरी मिळते. दिवाळीनंतर ट्रॅक्टर निघायच्या आत सून घरात यावी म्हणून कितीतरी घरं मुलाचं लग्न उरकून घेतात. मी बारावी झाले होते, विशी ओलांडली होती, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. टोळीत पुढे भेटलेल्या काही पोरींना वय विचारलं की त्या नुसत्या हसायच्या.

माझं सासर वालूर, सेलू तालुक्यातलं मोठं गाव. आमची चक्राकार पायऱ्यांची बारव बघायला आता लांबून लोक येतात. गाळ भरला होता, तो गावकऱ्यांनी उपसून ती मोकळी केली. बारव बांधणाऱ्यांनी पाण्याचा जेवढा विचार केला तेवढा नंतर कुणी केलेला दिसत नाही, हे आपलं माझं मत. तालुक्यात निम्न दुधना प्रकल्प आहे, पण आमच्या तुकड्यापर्यंत कालवा येत नाही. काळी जमीन, त्यात सोयाबीन आणि तूर, थोडा कापूस. सोयाबीन निघालं की घरातल्या तरण्या माणसाला पुढचे पाच महिने काम नाही. परभणी, बीड, जालना, हिंगोली, सगळीकडची हीच तऱ्हा. 1972 च्या दुष्काळात जी माणसं पोटासाठी पश्चिमेकडे गेली, त्यांच्या नातवंडांची वाट आजही तीच आहे.

माझ्या माहेरी कुणी उसाला गेलेलं नव्हतं. मायला भीती वेगळीच होती. त्याच उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या रोज येत होत्या. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, 82,309 बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. हे आकडे मला नंतर कळले. मायला आकडे ठाऊक नव्हते, पण अंदाज होता. निरोप देताना तिने मला एवढंच सांगितलं, “पोटात दुखलं तर खाडा पडू दे, पैसे गेले तर जाऊ दे.” खाडा म्हणजे कामावर न गेलेला दिवस. त्याचे पाचशे, कुठे हजार रुपये मुकादम हिशोबातून कापतो. मजुरी जाते ती वेगळीच. मायचं ते वाक्य मी पुढे कितीदा आठवलं आणि कितीदा बाजूला सारलं, ते माझं मलाच माहीत.

त्या वर्षी दिवाळसण माहेरी झाला. पूर, परतीचा पाऊस आणि निवडणुका यांमुळे कारखाने उशिरा सुरू झाले, नाहीतर तोही चुकला असता. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात आम्ही निघालो. दोन ट्रॉल्यांत टोळीतली सगळी घरं: बांबू, ताडपत्र्या, पत्र्याच्या पेट्या, ज्वारीची पोती, सरपण, कोंबड्या, लेकरं, दोन म्हाताऱ्या. पाथरी, माजलगाव, केज, बार्शी, पंढरपूर, मिरज. ट्रॅक्टरच्या वेगाने हा रस्ता संपता संपत नाही. निघताना आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, माझ्या पेटीत एक काळी साडी घडी करून ठेवली. पहिली संक्रांत होती ना. “तिकडं कोण बघणार हाय, पर नेस,” म्हणाल्या.

आम्ही उतरलो शिरोळ तालुक्यात. ऑगस्टमध्ये त्या भागात महापूर येऊन गेला होता. पाण्याखाली राहिलेल्या उसाचे पोंगे कुजले होते, कांड्यांना बाजूने फुटवे आले होते, पानांच्या बेचक्यात वाळलेला गाळ होता आणि सगळा ऊस आडवा लोळलेला. टोळीतली जुनी माणसंही म्हणाली की असला फड कधी तोडला नाही. वजन भरेना. धडधाकट उसात कसलेलं जोडपं दिवसाला दोन टनांच्या आसपास तोडतं. आमचा निम्म्यातच दिवस मावळायचा, कारण एक तर ऊस असला आणि दुसरं म्हणजे मी नवखी. नवरा बुडातून तोडायचा, मी पाचट सोलून, वाढं छाटून मोळी बांधायची. उसाच्या पानाला धार असते आणि कूस असते. अंगावर साडी, साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं, तरी मनगटं आणि मान चरचरत राहायची. डिसेंबरातल्या पहाटे दवाने भिजलेलं पाचट हातात धरलं की बोटं आपली राहत नाहीत.

आणि भरणी. तोडणीचं एक वेळ अंगवळणी पडतं, भरणी कधी पडत नाही. ट्रॅक्टर कधी येईल याचा नेम नसतो. रात्री अकराला आला तर अकराला उठायचं, तीनला आला तर तीनला. तीस-पस्तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढायचं, टाकायची, उतरायचं, पुन्हा. मिल चोवीस तास चालते, तिला रविवार नाही. आमच्या झोपेचं गणित मिलच्या पोटावर.

हे सगळं इतरांनीही सांगितलेलं आहे. मला जे सांगायचं आहे ते सहसा कुणी बोलत नाही, कारण बोललं तर लोक म्हणतील, मग त्रास तरी कसला होता?

लग्नानंतरचे सहा महिने वालूरच्या घरात मी नवऱ्याशी धड बोलले नव्हते. तीन खोल्या, सासू-सासरे, दीर, आजेसासू. दिवसा नवऱ्याकडे बघायचं नाही, रात्री कुजबुजायचं. त्यांना तिखट किती लागतं हे मला आत्याबाईंकडून कळायचं. फडाच्या कडेला नदीजवळच्या पडीक रानात आम्ही जी कोपी उभारली, ती बांबू, चटई आणि ताडपत्रीची होती, वाकून आत जावं लागायचं, दाराला दार नव्हतं. तरी ती माझी पहिली खोली. काय शिजवायचं ते मी ठरवायचे. पहाटे साडेतीनला मी भाकरी थापायला बसले की हे चूल फुंकायचे, पाणी आणायचे. पुढे पुढे स्वतः भाकरी थापायला लागले. जाड व्हायची, कडा फाटायच्या, पण मला दहा मिनिटं जास्त झोप मिळायची. शेजारच्या कोपीतले गडी चिडवायचे. हे हसून सोडून द्यायचे. अंघोळीसाठी चार काठ्यांना साडी गुंडाळून आडोसा केला होता. अंधारात मी अंघोळ करायची आणि हे पाठ करून उभे राहायचे. नवऱ्याचा स्वभाव मला तिथे कळला. घरात दहा वर्षं राहून तो कळला असता की नाही, सांगता येत नाही.

उचलीने बांधलेले होतो, हेही तितकंच खरं. निघून जायची सोय नव्हती. पण त्या बांधलेपणात आम्हाला आमचा असा संसार मिळाला होता, आणि त्यातले सण कसे करायचे हे सांगायला कुणी वडीलधारं नव्हतं.

पहिली आली सट. चंपाषष्ठीला आमच्याकडे वांग्याचं भरीत आणि रोडगा लागतो. खंडोबाचा टाक घरी, आम्ही इथे. बांधावरच्या झाडाची चार वांगी शेतमालकाला विचारून तोडली, पाचटाच्या जाळात भाजली. नैवेद्य कुठे ठेवायचा यावर मतभेद झाले. शेवटी कोपीच्या मधल्या बांबूला हळद लावली आणि तिथे ठेवला. टोळीतल्या एका म्हातारीने सांगितलं, “देवाला पत्ता ठाऊक असतोय.” सणाला नियम किती लागतात आणि त्यातले किती सोडले तरी चालतात, हे मी तिथे शिकले. वालूरला याच रोडग्यासाठी सोवळं-ओवळं, पहिला घास कुणाचा, भांडी वेगळी, असं काय काय असायचं. इथे ते काही नव्हतं आणि भरीत मात्र तसंच लागलं.

दत्तजयंतीला मिल बंद पडली. काहीतरी मोडलं म्हणे. कारखान्याचा चिटबॉय सकाळीच सांगून गेला की आज तोड नाही. टोळीतल्या माणसांनी झोपा काढल्या, आणि आम्ही दोघं नृसिंहवाडीला गेलो. आमच्याकडे गोदेच्या काठी गुंज आहे, तिथला दत्तसंप्रदाय घराघरांत माहीत, त्यामुळे वाडीचं नाव लहानपणापासून कानावर होतं. एका ट्रॅक्टरवाल्याने अर्ध्या वाटेत सोडलं, उरलेलं चालत. कृष्णा-पंचगंगेचा संगम, घाटावर मुंगीला वाट नाही अशी गर्दी, पालखी. पुराचं पाणी वाढलं की नदीच देवळात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते आणि लोक त्या पाण्यात उडी घेऊन स्नान करतात, हे तिथे एका दुकानदाराने सांगितलं. ज्या पाण्याने आमचा ऊस कुजला होता त्याच पाण्याची पूजा. मला त्यात काही खटकलं नाही. नदीकाठच्यांना दोन्ही जमतं. गल्लीतल्या भिंतींवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. कवठाची बर्फी घेतली, पाव किलो. लग्नानंतर आम्ही दोघंच कुठे गेलो असू तर तेवढंच.

तिथे मोबाईलवर फोटो काढला आणि घरी पाठवला. संध्याकाळी आत्याबाईंचा फोन आला. “हिंडायला लावलं का मुकादमानं?” आवाजात राग नव्हता, पण त्यानंतर आम्ही हसरे फोटो पाठवायचे बंद केले. पुढचे सगळे हंगाम घरी एकाच पठडीतलं बोलणं: जेवलो, तब्येत बरी आहे, टनेज बरं आहे. तिकडून: म्हैस व्याली, तुरी काढल्या, अमक्याचं लग्न ठरलं. उसाला गेलेल्या माणसाने सुखात दिसायचं नसतं, फार दुःखातही दिसायचं नसतं. घरच्यांना दोन्ही सोसत नाही. हे मला त्यांचं चूक वाटत नाही. त्यांनाही आमच्याशिवाय म्हातारपणात गुरं-रानं ओढायची होती.

संक्रांत 15 जानेवारीला होती. आदल्या दिवशी भोगी. बाजरी गावाहून आणलेली, तीळही आत्याबाईंनी बांधून दिलेले. वांगी, गाजर, पावटा, हरभऱ्याचे घाटे, चाकवत, जे जिथे मिळालं ते. खर्च वाढ्यांवर. उसाचे हिरवे शेंडे म्हणजे वाढे. त्यांच्या पेंढ्या बांधून म्हशीवाल्यांना विकल्या की रोख पैसे हातात येतात, आणि हा एकच पैसा मुकादमाच्या हिशोबात जात नाही. टोळीतल्या बायकांचे सगळे सण वाढ्यांवर होतात. गड्यांची दारूही त्यावरच होते, तेही सांगून टाकते.

सुगडं मिळाली कुंभाराकडून. त्यात घालायचं काय? घाटे, बोरं, गाजर, गहू, तीळ आणि उसाची कांडी. आम्ही बायका गोल बसून सुगडं भरत होतो आणि कांड्या करायची वेळ आली तेव्हा एकमेकींकडे बघून जे हसायला लागलो ते थांबेचना. दिवसभरात दीड टन तोडून आलेल्या बायका बोटभर उसाचे तुकडे करत होत्या. वाणात काय लुटायचं हाही प्रश्न. एकीने दहाच्या साबणवड्या आणल्या, एकीने सुई-दोऱ्याचं पाकीट. मी औषधाच्या दुकानातून जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्या आणल्या होत्या, प्रत्येकीला दोन-दोन. वाण म्हणून त्या हळदी-कुंकू लावून दिल्या. आजवर मी दिलेलं सगळ्यात उपयोगी वाण ते.

शेतमालकाच्या घरीही पहिली संक्रांत होती. त्यांच्या सुनेचंही लग्न त्याच उन्हाळ्यातलं, माझ्याएवढीच. तिच्या अंगावर हलव्याचे दागिने, बिंदीपासून पैंजणापर्यंत. आम्हाला अंगणात बोलावून हळदी-कुंकू दिलं, प्लॅस्टिकचा डबा वाण म्हणून दिला. घरात बोलावलं नाही, आणि आम्हीही जाणार नव्हतो, पायाला चिखल होता. मी नवी दिसले म्हणून तिने विचारलं, “तुमचीपण पहिलीच का?” मी हो म्हटलं. तिचा नवरा पुण्याला नोकरीला, शनिवार-रविवार येणार, तोही कधी कधी. ती म्हणाली, “तुमचं बरं आहे, दोघं बरोबर असता.” मला इतका राग आला की डबा तिथेच ठेवून यावंसं वाटलं. माझी मनगटं बघ आधी, असं तोंडावर आलं होतं. आता इतक्या वर्षांनी तिचं ते बोलणं मला अर्धं तरी पटतं. राग मात्र पुरता गेलेला नाही.

त्या रात्री मी काळी साडी नेसले. ह्यांनी तिळगूळ दिला, मी दिला. साडेदहाला ट्रॅक्टरचा आवाज आला. साडी बदलायला वेळ नव्हता, वरून शर्ट चढवला आणि भरणीला गेलो. संक्रांतीच्या थंडीत, चांदण्यात काळी साडी फळीवरून वर-खाली. काठाला जी फाटली ती अजून तशीच आहे. आत्याबाईंना सांगितलं, काट्यात अडकली.

आमच्या बाजूने लिहिणारे एक गोष्ट वगळतात. फड संपला की शेतकऱ्याकडून खुशाली घेतात आणि ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरची एंट्री वेगळी. आम्हीही घेतली. नाही दिली तर ऊस मागे राहतो, वाळतो, हे शेतकऱ्याला ठाऊक असतं, म्हणून तो देतो आणि शिव्या घालतो. त्या कुजक्या उसाच्या वर्षी ज्याच्या हाती काहीच लागणार नव्हतं, त्याच्याकडूनही टोळीने कोंबड्याचे पैसे घेतले. मी तेव्हा गप्प बसले आणि कोंबडं खाल्लं. दाबणाऱ्याच्या खाली दबलेला, आणि दबलेल्याच्या हाताखाली सापडेल तो, अशी ही उतरंड आहे.

मार्चमध्ये गुढीपाडव्याच्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागली. हंगाम संपत आला होता, मनाने आम्ही वालूरला पोचलेलो होतो. पेट्या बांधून तसेच बसलो. दुकानं बंद, वाढे घ्यायला कुणी येईना, गावातले लोक आम्हाला पाणवठ्यावर येऊ देईनात. सरकारने 17 एप्रिलला ऊसतोड मजुरांना घरी सोडायचा आदेश काढला, याद्या झाल्या, तपासण्या झाल्या, तेव्हा निघालो. गावात आल्यावर शाळेत ठेवलं. आत्याबाई रोज डबा घेऊन फाटकाबाहेर उभ्या राहायच्या. मला आठवतं, पहिल्या दिवशी त्यांनी डब्यात पुरणपोळी आणली होती. पाडव्याची राहिलेली, त्या म्हणाल्या, तेव्हा केली नव्हती.

शाळेतून घरी गेलो आणि दुसऱ्या सकाळी ह्यांनी चुलीकडे बघितलंही नाही. चहा मागितला. मी दिला. आमच्यात त्यावर एक शब्द झाला नाही, दोघांनाही कळत होतं. दरवर्षी असंच. वालूरच्या फाट्यावर उतरलो की हे मामांचे लेक व्हायचे आणि मी सून.

नंतरचे हंगाम भरभर सांगते. 2020 च्या ऑक्टोबरात संघटनांनी कोयता बंद ठेवला होता. पुण्यात बैठक होऊन 14 टक्के वाढ ठरली, टनाला 273 रुपयांच्या आसपास. हिशोब करून बघा: लाखाची उचल फेडायला 366 टन. त्या वर्षी दिवाळी कोपीतच झाली आणि मी गरोदर होते. लक्ष्मीपूजनाला चौरंगावर ठेवायला पैसे नव्हते, म्हणून टनेजच्या स्लिपा ठेवल्या. सातव्या महिन्यात परत आले आणि हे मागे अर्धा कोयता म्हणून राहिले. पुढच्या वर्षी लेकरू झोळीत घेऊन गेले. उसाच्या सावलीत झोळी, तिच्यावर एक डोळा, कोयत्यावर एक डोळा. त्या हंगामात राज्यात ऊस इतका झाला की संपता संपेना. आमच्या मराठवाड्यात मे-जूनपर्यंत उभा होता, तोडायला माणूस नाही म्हणून शेतकरी रडत होते. तोडणारी माणसं तर त्याच गावांतली होती, फक्त उचल दुसरीकडची घेऊन गेलेली.

स्लिपांवरून आठवलं. माझं बारावी झालेलं असणं टोळीत एकाच कामाला आलं. मी वहीत प्रत्येक खेपेचा आकडा लिहायला लागले: तारीख, गाडी, टन, कोयत्यांची वाटणी. आधी आमचाच, मग शेजारच्या कोपीचा, मग विचारत विचारत निम्म्या टोळीचा. हंगामाच्या शेवटी मुकादम हिशोब सांगतो तेव्हा तो तोंडी असतो आणि बहुतेकांची उचल “फिरते”, म्हणजे फिटत नाही, उरलेली पुढच्या वर्षावर जाते. त्या वर्षी माझ्या वहीत आणि त्याच्या तोंडी हिशोबात आमच्या दोघांपुरताच बावीस टनांचा फरक निघाला. मी वही पुढे केली. तो माझ्याशी बोलला नाही, ह्यांच्याशी बोलला: “बायकोला लई शिकविलंय.” हे काय बोलतील याची मला खात्री नव्हती. ते म्हणाले, “आकडा बोला.” थोडं भांडण झालं, पण बाराएक टन वाढवून मिळाले. वर्षभराने दुसऱ्या एका टोळीतल्या बाईने माझ्याकडे वही कशी आखायची विचारलं, तेव्हा मला दहावीच्या निकालापेक्षा जास्त बरं वाटलं.

मुलगी दीड वर्षाची झाली तशी आत्याबाईंनी तिला ठेवून घेतलं. त्या दोन हिवाळ्यांत सण आले की मी कामाचा वेग वाढवायचे, विचार करायला फट नको म्हणून. याच काळात कळलं की सणाची खरी ओढ मला घराची नसून लेकीची आहे. ती बरोबर होती त्या वर्षी मला वालूरची एकदाही आठवण आली नव्हती. असं लिहिलं तर सासरच्यांना वाईट वाटेल, माहेरच्यांनाही वाटेल. पण तसंच होतं.

2024 च्या जानेवारीत पुन्हा पुण्यात बैठक झाली. शरद पवार आणि पंकजा मुंडे लवादावर होते. 34 टक्के वाढ झाली, 366 रुपये टन. आमच्या टोळीत त्या रात्री जल्लोष झाला. त्या हंगामात आमची उचल फिटली, थोडे पैसे उरले, आणि आम्ही पुन्हा उचल घेतली नाही. मामांना ते आवडलं नाही. धाकट्या दिराचं लग्न व्हायचं होतं. घरात आठ दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. आता मी शिलाई मशीन चालवते, ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश. हे दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर असतात, पेरणी-मळणीच्या दिवसांत काम असतं, नसतं तेव्हा नसतं. पैसा उसात जास्त होता, हे मी नाकारत नाही. लेक अंगणवाडीत जाते. गावात हंगामी वसतिगृहाची सोय होते, उसाला गेलेल्यांची मुलं शाळेत जेवतात, राहायला आजी-आजोबांकडे जातात. त्यांच्यात माझी लेक नाही, एवढं मला पुरतं.

घरी केलेली पहिली दिवाळी मला जड गेली. पाच दिवस चूल, पाहुणे, मोठ्यांचं सगळं, आणि हे ओसरीवर मामांशेजारी बसलेले. भाऊबीजेच्या रात्री मी त्यांना म्हटलं, कोपीतली दिवाळी बरी होती. ते म्हणाले, वेडी का काय. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून चहा मात्र त्यांनी केला. आत्याबाईंनी बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. आता आठवड्यातून एक-दोनदा करतात. त्यापुढे गाडी सरकलेली नाही.

भावकीतल्या एका पोराचं लग्न गेल्या उन्हाळ्यात झालं आणि यंदा ते जोडपं निघालं. पोरगी सातवी-आठवीपर्यंत शिकलेली, अंकांची भीती नसलेली. तिच्या सासूचं म्हणणं, पहिली संक्रांत आहे, परत आल्यावर चैत्रगौरीच्या हळदी-कुंकवाला काळी साडी नेसवू, तिकडे नको. मी त्यात पडले नाही. पोरीला दोनशे पानी वही आखून दिली, वर महिन्यांची नावं घातली. चिकटपट्ट्यांचं एक खोकं दिलं. ऊसतोड कामगारांच्या महामंडळाचं ओळखपत्र ग्रामसेवकाकडून करून घ्यायला लावलं. पिशवी काढायचं कुणीही सुचवलं, अगदी डॉक्टरने, तरी आधी मला फोन कर म्हणून सांगितलं. ती सगळं ऐकत होती. शेवटी हळूच म्हणाली, “काकू, साडी पेटीत टाकू का नको?”

म्हटलं, टाक. आणि वरून घालायला त्याचा एक जुना शर्ट घे, नवा देईल तो, पण जुनाच घे.